कल, ढाळ आणि आईचं मनगट

सांगली
रविवार, संध्याकाळ

चि. सई हिस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, इन्क्लिनेशनला मराठीत काय म्हणायचं?" मी म्हणालो, "कल." तू "बरं, ठेवते, पेशंट आलेत" म्हणालीस आणि फोन बंद. तुझं काम झालं, माझी झोप गेली. ज्या माणसाची ३१ वर्षं कालव्यांचे उतार मोजण्यात गेली, त्याला असलं काही विचारून मध्येच फोन ठेवू नये, बाई. रात्री दोनला उठून पलंगावर बसलो होतो. आईनं अर्धवट झोपेत विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "कल." ती धडपडून उठली. "कळ? कुठं? छातीत?"

तेव्हा पहिली सूचना ही, की मनगटाच्या पेशंटसाठी तू जे माहितीपत्रक काढतेयस त्यात 'कल' छापणार असशील तर प्रूफ स्वतः वाच. ल चा ळ झाला तर मनगटाचे पेशंट हृदयाच्या दवाखान्यात जातील.

आता खरं सांगू का, 'कल' हा तुझ्या पेशंटचा शब्द नाहीच. परांचीवरून पडून मनगट मोडलेला गवंडी तुझ्यासमोर बसला, तर त्याला 'ढाळ' म्हण. तो लगेच मान हलवेल. २०१९च्या पुरानंतर आपण न्हाणीघराची फरशी काढून नवी बसवली, आठवतं? फुटाला पाव इंच ढाळ दे, म्हणून मी मिस्त्रीच्या डोक्यावर उभा होतो. तरी कोपऱ्यात पाणी साठायचं ते साठलंच. मिस्त्री म्हणाला, "साहेब, पाणसळ लावून केलंय, पण ढाळ मिळंना." पाणसळ म्हणजे काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी. मग मी फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. पाणी मोरीकडे जाण्याऐवजी दाराकडे निघालं. पाव इंचानं चूक होती, पण पाण्याला पाव इंच पुष्कळ.

हाडाचंही तसंच आहे हे मला आईचा हात मोडला तेव्हा कळलं. मागच्या श्रावणात ती अंगणात शेवाळावरून घसरली, हात टेकला आणि मनगट गेलं. मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दोन एक्सरे लावले, एक समोरून आणि एक बाजूनं. मी बघितल्याबरोबर म्हणालो, हा प्लॅन आणि हा सेक्शन. ते हसले आणि मग माणसात घेऊन समजावू लागले. हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाचं, म्हणजे तुमच्या रेडियसचं, मनगटाकडचं टोक सपाट नसतं. समोरून बघितलं तर ते करंगळीच्या बाजूला साधारण २३ अंशांनी उतरतं. बाजूनं बघितलं तर तळहाताच्या दिशेला ११ अंशांच्या आसपास झुकतं. पहिल्याला तुम्ही इन्क्लिनेशन म्हणता, दुसऱ्याला टिल्ट. एकाच हाडाच्या टोकाला दोन ढाळ, आमच्या भाषेत आडवा उतार आणि उभा उतार. आई पडली तेव्हा तळहाताकडचा ढाळ उलटून हाताच्या मागच्या बाजूला गेला होता. डॉक्टर म्हणाले, हा असाच जुळला तर हाड जुळेल, पण मूठ नीट वळणार नाही आणि कपडा पिळताना दुखेल. मला न्हाणीघर आठवलं. पाणी साठत होतं तो कोपरा आठवला.

तुझ्या पत्रकात हे दोन ढाळ वेगळे दाखव. शब्दांपेक्षा चित्र काढलंस तर बरं. आणि कृपा करून 'नती' लिहू नकोस. जाड पुस्तकांत तो शब्द भेटतो, आणि वाईट नाही. 'नतमस्तक'मधला 'नत' म्हणजे वाकलेला, त्याचीच ती बहीण. कागदावर शोभतो. पण बुधगावच्या एखाद्या आजीला "तुमच्या मनगटाची नती बिघडलीय" म्हणालीस तर ती म्हणेल, नात बरी आहे गं माझी.

कालव्याबद्दल तुला मी लहानपणी पुष्कळ सांगितलंय. तू जांभया द्यायचीस. आता परत सांगतो, कारण आता तुला लागेल. मोठ्या कालव्याचा उतार पाच हजारांत एक, असा असतो. म्हणजे किलोमीटरमागे २० सेंटीमीटर. तुझ्या वितीपेक्षा थोडा जास्त. हा उतार डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र दिसतो. कवठेमहांकाळकडे एका ठिकाणी आजूबाजूची जमीन अशी काही पडली होती, की कालवा चढावर चाललाय असं वाटायचं. तिथला एक म्हातारा शेतकरी माझ्याशी पैज लावायला तयार होता. "साहेब, पाणी चढाला चाललंय, माझं ऐका, वरनं पंप मारत असतील." पंप होतेच, पण ते म्हैसाळला, कृष्णेतून पाणी उचलायला. एकदा टप्प्याटप्प्यानं वर चढवलं, की पुढं कालव्यात त्याला कुणी ढकलत नाही. कल असतो तिकडं जातं. मी त्याला लेव्हलच्या, म्हणजे उंचीतला फरक मोजायच्या यंत्राच्या, दुर्बिणीतून पट्टी वाचायला दिली. त्यानं वाचली, परत वाचली, आणि म्हणाला, "मशीन बिघडलंय."

उलट बाजू आपण सांगलीकरांनी भोगलीय. महाबळेश्वरला कृष्णा १३०० मीटरच्या वर उगम पावते आणि वाईपर्यंत येईतो बहुतेक उंची उधळून टाकते. सांगलीला पोचते तेव्हा तिच्यापाशी उतार म्हणून फारसा शिल्लक राहत नाही. त्यात भर म्हणून हरिपूरला वारणा येऊन मिळते. मग ऑगस्टमध्ये पाणी पुढं सरकायचं सोडून पसरायला लागतं. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ला पाणी ५७ फुटांवर गेलं. कुठल्या धरणानं किती फुगवटा आणला या वादात मी पडत नाही. त्यावर माझे मित्र तासन्‌तास भांडतात. मी एवढंच म्हणतो, की सपाट जमिनीवर नदीला घाई नसते.

त्या पुराचा विषय निघालाच आहे तर दुसरंही सांगून टाकतो. बोलायला मला जमलं नसतं.

दहावीला बोर्डानं तुमची कल चाचणी घेतली होती. अहवाल आला त्यात तुझा कल 'गणवेशधारी सेवा'. आईनं विचारलं, "म्हणजे पोलीस का?" आपण तिघं आठवडाभर हसत होतो. आजी तर तुला "फौजदार" म्हणूनच हाक मारायची. मग तो कागद मी कपाटात टाकला आणि तुला अकरावीला गणित घ्यायला लावलं, बायॉलॉजी सोडायला लावली, विश्रामबागला एका क्लासची सगळी फी एकदम भरली. विचार केला नाही. माझ्या डोक्यात वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजचं फाटक होतं, मला स्वतःला कधी आत जाता आलं नाही ते.

दोन महिन्यांत पूर आला. आपण शाळेतल्या छावणीत गेलो. तिथं तू सकाळपासून म्हाताऱ्या बायकांना उठवत होतीस, बसवत होतीस, संडासपर्यंत हाताला धरून नेत होतीस. एका आजींचे गुडघे वळत नव्हते. त्यांना पायरी कशी चढायची, आधी कुठला पाय, हे तू कुणी न शिकवता दाखवत होतीस. मी बघत होतो. माझ्या मनात काय आलं असेल? "हिचा अभ्यास बुडतोय."

लेव्हलच्या कामात पहिला नियम असा, की पुढच्या ठिकाणी पट्टी धरायच्या आधी मागच्या ठरलेल्या खुणेवर पट्टी धरून वाचन घ्यायचं. ते घेतलं नाही, तर पुढची सगळी वाचनं, कितीही काळजीनं घेतलेली असोत, हवेत. नवा पोरगा कामावर आला की मी त्याच्याकडून हे घोकून घ्यायचो. तुझ्या बाबतीत मी मागचं वाचन घेतलंच नाही. दिवाळीत तू कॉलेजात अर्ज-विनंत्या करून बायॉलॉजी परत घेतलीस, तेव्हा मी पंधरा दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. माझं चुकलं. हे एवढं.

क्लासवाल्यांनी फी परत दिली नाही, ते वेगळं.

आता तुला आवडेल असं एक. आईच्या मनगटाचा २३ अंशांचा कल, आणि पृथ्वीच्या आसाचा कल किती? २३.४ अंश. यात गूढ काही नाही, नुसता योगायोग आहे, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर विश्वास ठेवू नकोस. पण मला तो आकडा बघून बरं वाटलं. या कलामुळंच आपल्याकडं ऋतू आहेत. आणि या कलामुळंच मेच्या पहिल्या आठवड्यात एका दिवशी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सांगलीत उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वर्षातून दोनदा होते; दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला, पण तेव्हा सूर्य दिसेल तर शपथ. साइटवर मी मजुरांना पट्टी उभी धरून दाखवायचो. सावली पट्टीच्या बुडात गोळा व्हायची. बायका म्हणायच्या, "सायब, उन्हानं डोकं फिरलं जणू." हा आसाचा कलसुद्धा कायमचा नाही, सुमारे ४१,००० वर्षांच्या फेऱ्यात तो २२.१ ते २४.५ अंशांमध्ये हलत राहतो.

चंद्राचं आणखी गमतीचं. दर अमावास्येला सूर्यग्रहण का लागत नाही, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. चंद्राची फिरायची वाट पृथ्वीच्या वाटेला ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून बहुतेक वेळा तो सूर्याच्या थोडा वरून नाही तर खालून निसटतो. दोन वाटा जिथं एकमेकींना छेदतात त्या दोन जागांपाशी अमावास्या किंवा पौर्णिमा आली, तरच ग्रहण. आणि त्या दोन जागांची नावं काय? राहू आणि केतू. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हणत होते?" तिच्याशी वाद घालू नये.

आमच्या होकायंत्रातही असाच एक कल लपलेला असायचा. सुई उत्तर दाखवते हे सगळ्यांना माहीत, पण ती नुसती उत्तरेला वळत नाही, खाली वाकायलाही बघते. विषुववृत्तापासून जितकं उत्तरेला जावं तितकं जास्त, ध्रुवापाशी तर सुई उभीच राहील. म्हणून आपल्या बाजूच्या सुईच्या दक्षिण टोकाला एक बारीकसं वजन सरकवून बसवलेलं असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी दुरुस्ती करताना विसरून गेलंय. काढणारच होतो.

शब्दांकडे येतो. वाचनालयात बसून दोन दिवस कोश चाळले, त्याचं सार असं. ग्रीक भाषेत टेकणे, कलणे या अर्थाचा एक जुना धातू आहे. त्यातून टेकून पडायच्या पलंगाचा शब्द झाला, आणि पलंगापाशी जाऊन रोगी बघणाऱ्या वैद्याचा. तेच तुमचं क्लिनिक. त्यातूनच उताराचा शब्द झाला, सूर्याकडं पृथ्वी कमी-जास्त कलते त्यावरून हवामानाचे पट्टे ठरले, तेच क्लायमेट. लॅटिनमधल्या त्याच्याच भावंडातून इन्क्लिनेशन. आणि संस्कृतात तोच धातू 'श्रि' होऊन बसलाय. टेकणे, आधार घेणे. आश्रय त्यातलाच. मी ते पान दोनदा वाचलं. छावणीतल्या त्या आजी तुझ्या खांद्यावर हात ठेवून पायरी चढत होत्या, ते डोळ्यांसमोर आलं.

मराठीनं मात्र सगळा मामला पाण्यावर सोडलाय. मनाचा ओढा म्हणतो आपण, आणि ओढा म्हणजे पाण्याचाही. माणूस वाहवत जातो. ताप उतरतो, "तापाला उतार पडला" असं तुझे पेशंट म्हणतील, तेव्हा ग्राफ काढायला जाऊ नकोस. विषावर उतारा असतो, तलाठ्याकडं सातबाराचा उतारा असतो, आणि अमावास्येला तिकाटण्यावर ठेवतात तोही उतारा. त्याला पाय लावू नकोस, पटत नसलं तरी. दिवस कलतो, मान कलते, तोल गेला की घागर कलंडते. माझं उतारवय सुरू झालंय असं परवा बँकेतला पोरगा म्हणाला. त्याला ज्येष्ठ नागरिक म्हणायचं होतं.

आणि मतमोजणीचा दिवस घे. सकाळी टीव्हीवर "पहिले कल हाती येत आहेत", दुपारी "जनतेचा कौल स्पष्ट". कल आणि कौल यांत किती तासांचं अंतर असतं ते उमेदवाराच्या बायकोला विचार. हे मी सांगतोय ते आपल्या घरातल्या साखरेमुळं. तुझ्या आजोबांना मधुमेह होता, मला ४८व्या वर्षी निघाला. डॉक्टर म्हणतात तुझ्याकडंही तो कल आहे. आहे ना, मान्य. पण तो कल आहे, कौल नाही. तुझी अजून पहिलीच फेरी मोजली जातेय. होस्टेलवर रात्री अकराला खारी-चहा खायचं तेवढं बंद कर आणि चालत जा.

तू मागच्या सुट्टीत आजीच्या चालण्याबद्दल काहीतरी जर्मन नाव घेतलं होतंस. ट्रेन्डेलेनबर्ग. आईला ते ट्रेनचं नाव वाटलं. पण तू आजीला ओट्याला धरून उजव्या पायावर उभं केलंस आणि मला मागून बघायला सांगितलंस, तेव्हा डावीकडचा खुबा खाली उतरलेला मला स्पष्ट दिसला. ज्या पायावर उभी आहे त्या बाजूचे स्नायू कमजोर, म्हणून विरुद्ध बाजू खचते. मी एवढी वर्षं समजत होतो की तिचा डावा पाय अधू आहे. पाणी साठतं एकीकडं आणि चूक दुसरीकडं असते, तसलंच हे.

ऑपरेशननंतर आता आजी वॉकरनं घरात फिरते. पण अंगणात यायला ती तयार नाही, तीन पायऱ्या बघूनच मागं फिरते. म्हणून उतरंड करायचं ठरवलंय. उतरंड म्हणजे मडक्यांची नव्हे, खुर्चीची, रॅम्प म्हण. तूच सांगितलं होतंस, बारास एक. ओटा जमिनीपासून १८ इंच, म्हणजे १८ फूट लांबी लागणार. ओट्यापासून फाटकापर्यंत अंतर १४ फूट. मिस्त्री म्हणतो, "दहास एक करू, चालतंय की." मी नाही म्हटलं. मधे एक सपाट टप्पा घेऊन काटकोनात वळवला तर १८ फूट सहज बसतात, मी कागदावर काढून बघितलंय, फोटो सोबत पाठवतोय. टप्पा पाच फूट बाय पाच फूट धरलाय, चाकाची खुर्ची वळायला पुरेल का ते तू सांग. कठडा एका बाजूनं की दोन्ही, तेही.

अडचण एकच आहे. वळण नेमकं तुळशीवृंदावनावर येतंय. ते तीन फूट पूर्वेला सरकवावं लागेल आणि आई ऐकायला तयार नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा मला त्या दिवशी चहा मिळाला नाही. तुझं ऐकेल. तू दिवाळीला येशील तेव्हा, किंवा त्याआधी फोनवर, जरा तिच्या कलानं घेऊन बोल. मिस्त्री पाडव्यानंतर यायचं म्हणतोय.

तुझे
बाबा